रानातला ससा : एका चित्रपुस्तकाच्या कामाच्या नोंदी

१७ जून २०२४

काम ठरलं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सशाचं एक चित्रपुस्तक करायचं, आणि त्यातला ससा आपल्या माणदेशातल्या माळावरचा असेल. चित्रं साताऱ्याची माझी मैत्रीण काढणार, मजकूर मी लिहिणार, वाचून बघणारी मुलं आमच्या वाचनालयातलीच. दिवाळी झाली की छापायला द्यायचं, असा अंदाज आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांचं कपाट प्राण्यांनुसार लावलं, तेव्हा हे डोक्यात आलं. वाघ-सिंहांच्या खालोखाल पुस्तकं निघाली ती सशाची. एक अख्खी फळी भरली. त्या फळीवरचा जवळजवळ प्रत्येक ससा पांढरा. लाल किंवा गुलाबी डोळे, हातात गाजर, मागे हिरवंगार कुरण, कुठे लाकडी कुंपण. भिंतीवरच्या तक्त्यातला ‘स’ सशाचा, तोही तसाच. माण तालुक्यातल्या आमच्या गावात गाजर खाणारा पांढरा ससा रानात कुणी पाहिलेला नाही. मातकट अंगाचा, लांब टांगांचा, बाजरीतून सुसाट जाणारा ससा मात्र शेंबड्या पोरानंही पाहिलाय. त्याचं पुस्तक या फळीवर नाही. ते असायला हवं.

२३ जून

फळीवरची पुस्तकं एकेक करून वाचतेय. ढोबळमानानं दोन गठ्ठे होतात. एक पंचतंत्र, बौद्ध जातककथा, इसाप यांतल्या जुन्या गोष्टी पुन्हा सांगणारा. दुसरा परदेशी पुस्तकांवरून केलेल्या किंवा त्यांच्या वळणावर गेलेल्या पुस्तकांचा. दुसऱ्या गठ्ठ्यातला ससा पांढरा का, याचं उत्तर सोपं आहे. युरोपात माणसानं जो ससा पाळला, तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळं करतो आणि घोळक्यानं राहतो. पिंजऱ्यातल्या पैदाशीतून त्याच्या पांढऱ्या जाती निघाल्या. त्यांच्या अंगात रंगद्रव्यच नसतं, म्हणून डोळ्यांच्या आतलं रक्त दिसतं आणि डोळे लाल वाटतात. बाजारात पिंजऱ्यात विकायला असतो तो हाच. गोड प्राणी आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. आमच्या माळावरचा ससा मात्र वेगळ्या जातकुळीचा. बीळ करत नाही, घोळका करत नाही, पिंजऱ्यात रमत नाही.

परदेशी पुस्तकांतली दोन मात्र शिकण्यासारखी आहेत, म्हणून इथे नीट टिपून ठेवते.

पहिलं बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचं, पीटर रॅबिटचं. १८९३ साली पॉटरबाईंनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला पत्र लिहिलं आणि त्यात चार सशांची गोष्ट चित्रं काढून सांगितली. पुढे त्याचं पुस्तक करायचं ठरवलं तर प्रकाशक तयार होईनात. १९०१ मध्ये त्यांनी पदरमोड करून २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं रंगीत आवृत्ती काढली. पॉटरबाईंनी स्वतः ससे पाळले होते आणि ते समोर ठेवून रेखाटले होते. पीटरच्या अंगात निळा कोट आहे, पण कान, पाठीची कमान, पंजे सगळं खऱ्या सशाचं. आणि पुस्तक मुद्दाम लहान, लहान हातात मावेल एवढंच.

दुसरी डिक ब्रूना यांची मिफी, नेदरलँड्समधली, १९५५ सालची. जाड काळी रेघ, मोजके रंग, चेहरा कायम वाचणाऱ्या मुलाकडे वळलेला. बाकी काही नाही. सुट्टीत समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत दिसलेल्या सशाच्या गोष्टी ब्रूना आपल्या मुलाला सांगायचे, त्यातून ती जन्मली.

दोघांनीही डोळ्यांसमोरचा, आपल्या मुलखातला ससा काढला. त्यांचं घ्यायचं तर हेच घ्यायचं. त्यांचा ससा घेऊन आपण काय करणार?

६ जुलै

जुन्या गोष्टी वाचताना फार आनंद झाला. या गोष्टी रचणाऱ्यांनी रान पाहिलेलं होतं.

दद्दभ जातकातला ससा घ्या. बेलाच्या झाडाजवळ ताडाच्या रोपाखाली तो पडून आहे. पिकलेलं बेलफळ ताडाच्या पानावर आदळतं आणि हा उठून धूम पळतो. त्याला वाटतं, धरणीच फाटली. आपल्याकडे पोरांना सांगताना आभाळ पडतं, एवढाच फरक. या गोष्टीमुळे ससा जन्माचा भित्रा ठरला. पण त्यात सशाचं वागणं किती अचूक आहे! बीळ नाही, झुडपाच्या आडोशाला पडून राहणं आहे, आणि अगदी कानाशी आवाज झाल्यावर एकदम उसळणं आहे. ज्याच्याकडे शिंग नाही, सुळा नाही, शिरायला बीळ नाही, त्यानं पळायचं नाही तर करायचं काय? पळणं हीच त्याची ढाल आहे. ‘भित्रा’ हा शब्द आमच्या पुस्तकात येणार नाही, एवढं आज पक्कं केलं.

पंचतंत्रात चतुर्दंत हत्तीचा कळप तळ्यावर येतो आणि काठच्या मऊ जमिनीतली सशांची बिळं तुडवली जातात. तिथे बिळं आहेत. ती गोष्ट मी मुलांना आहे तशीच सांगत राहीन. चंद्राचं प्रतिबिंब दाखवून हत्तीला परत पाठवणारा ससा कुणाला नको असेल? पण आमचं पुस्तक माळावरचं आहे, त्यात बीळ काढायचं नाही, हे मैत्रिणीला कळवलं.

भासुरक सिंहाच्या गोष्टीतला ससा मुद्दाम उशिरा पोचतो. थांबून राहण्याची ती ताकद मला पुस्तकात हवीय.

१४ जुलै

आबांबरोबर माळावर गेले. आबांची मेंढरं आहेत, सगळा जन्म याच माळावर गेला. मैत्रीण कालच्या एसटीनं मुक्कामाला आली होती. पहिल्या पावसावर माळ नुकता हिरवट झालाय, जुनी कुसळी अजून उभी आहे.

आबा पुढे, आम्ही मागे. एका तरवडाच्या झुडपाच्या बुडाशी ते थांबले आणि काठीनं दाखवलं. आम्हाला आधी काहीच दिसेना. मग दिसली ती गवत दबून झालेली खळगी. लांबट, वितीपेक्षा थोडी मोठी, एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला जरा खोल. सशाचं मागचं अंग जड, म्हणून ती बाजू खोल. आत दोन-तीन बारीक पिंगट केस. भोवती वाटोळ्या, कोरड्या लेंड्या, शेळीच्या लेंडीहून चपट्या आणि फिकट. मैत्रिणीनं गुडघे टेकून त्या खळगीचं चित्र काढलं, हात आत ठेवून माप घेतलं.

मी विचारलं, “आबा, पावसात हा जातो कुठं?”

“जातोय कुठं? हितंच. बीळ उंदराला, घोरपडीला. सशाला रान हेच घर.”

“आणि लांडगा आला तर?”

“बसला की बसला. कान पाठीला, डोळं उघडं. पाय पडंस्तवर हलत न्हाई. आन् उठला की मग वाकडातिकडा पळतोय, सरळ न्हाई. सरळ पळला की गावला.”

मैत्रिणीनं हे जसंच्या तसं वहीत उतरवलं. पुस्तकाचा सांगाडा मला इथेच मिळाला.

दिवस बुडताना बांधाच्या कडेला एक दिसलाच. आधी कान, मग सगळा. अंग मातीच्या रंगाचं, त्यावर काळपट छटा. तोंड वळवलं तेव्हा मानेच्या मागचा काळा पट्टा स्पष्ट दिसला. आपल्या दख्खनी सशाची ही खूणच आहे, त्याचं शास्त्रीय नाव ‘लेपस नायग्रिकॉलिस’ या काळ्या मानेवरूनच पडलंय. शेपटी वरून काळी, खालून पांढरी. पोट पांढरं. तो चरत नव्हता, मागच्या पायांवर उभा राहून ऐकत होता. मैत्रिणीनं पेन्सिल उचललीच नाही, नुसती बघत राहिली. म्हणाली, काढते घरी जाऊन, आत्ता बघू दे.

२७ जुलै

भिलारला जाऊन आले. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. पाऊस धो धो. आमच्याकडे पेरणीपुरता पडतो आणि त्याच जिल्ह्यात हे असं.

पुस्तकं चाळलीच, पण मुख्य म्हणजे तिथे आलेली मुलं चित्रपुस्तक कसं हाताळतात ते बघत बसले. आई मजकूर वाचत असते आणि मूल चित्राच्या कोपऱ्यात असतं. मजकुरात नसलेली गोष्ट चित्रात सापडली की मूल आईचं बोट ओढून तिथे नेतं. एका मुलानं पान उलटलं आणि लगेच मागे आणलं, मागच्या पानावरचं मांजर पुन्हा शोधायला. हे आपल्याला वापरता येईल. शब्द जे सांगतील ते चित्रानं पुन्हा सांगायचं नाही.

११ ऑगस्ट

मैत्रिणीकडे साताऱ्यात. रंगाचा प्रश्न.

पांढरा ससा काढणं सोपं आहे: कागद कोरा सोडला की झाला. आमचा ससा कोणत्याच एका रंगाचा नाही. त्याचा एकेक केस मुळाशी एका रंगाचा, मध्ये पिंगट, टोकाला काळा. लांबून हे सगळं मिसळून मातीसारखं दिसतं. मैत्रिणीनं आधी तपकिरी रंगाचा सपाट हात दिला तर ससा गुळाच्या ढेपेसारखा दिसायला लागला. मग तिनं पद्धत बदलली. खाली पिवळ्या मातीच्या रंगाचा पातळ हात, तो वाळल्यावर त्यावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचे तुटक फटकारे, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं काळा, नुसता टेकवून उचलायचा. कानांची टोकं गडद. छातीशी तांबूस. डोळा मोठा, पिंगट, डोक्याच्या बाजूला असलेला. डोळे असे दोन बाजूंना असल्यानं त्याला मान न वळवता मागचंही बरंच दिसतं.

हा ससा तिनं गवताच्या चित्रात ठेवला आणि तो नाहीसा झाला. खरोखर शोधावा लागला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, कारण पुस्तकाचं पहिलं पान मिळालं होतं. त्यावर ससा असेल, पण मुलांना तो शोधावा लागेल.

२५ ऑगस्ट

मजकूर. पहिलीच्या मुलाला स्वतः वाचता यायला हवा, म्हणून जोडाक्षरं शक्य तेवढी टाळायची. वाक्यं छोटी. पण छोटी वाक्यं म्हणजे ‘हा ससा आहे, ससा छान आहे’ असली नकोत. मुलाच्या तोंडात खेळतील अशी हवीत. आजचा खर्डा असा:

गवत हललं.
गवत थांबलं.
गवतात कोण?

वर घार.
ससा गप.

लांडगा आला.
ससा गप.
लांडगा जवळ आला.
ससा गप.
लांडगा अगदी जवळ आला…

इथे पान संपतं, उजव्या बाजूचं. म्हणजे पुढचं कळायला पान उलटावंच लागतं. उलटल्यावर दोन्ही पानांवर मिळून एकच चित्र, मागचे पाय डाव्या पानाच्या कडेला आणि कान उजव्या पानाच्या कडेला. शब्द एकच: ‘पळाला!’ त्यापुढच्या पानावर वाकडीतिकडी वाट, शब्दच नाहीत. मुलानं बोट फिरवावं.

‘पळाला’ लिहू की ‘उडाला’, यावर बराच वेळ गेला. आमच्याकडची मुलं बोलताना ‘उडाला’च म्हणतात, आणि तोंडानं म्हणून बघितलं तर ‘उडाला’मध्येच ती उसळी आहे. ‘उडाला’ ठेवला.

१४ सप्टेंबर

कच्चं पुस्तक घेऊन मुलांत बसले. फोटोकॉपीची पानं, मधोमध टाचलेली.

पहिल्या पानावर ससा शोधायला गर्दी झाली. दुसरीतल्या एका मुलीला तो सगळ्यांच्या आधी सापडला आणि ती ओरडली, “ह्यो आमच्या रानातलाच हाय की!” लांडग्याच्या पानाला सगळी गप्प. ‘उडाला’ला दंगा. पुन्हा वाच, पुन्हा वाच, असं चाललं.

मग तिसरीतला एक मुलगा सहज म्हणाला, “ताई, आमच्या चुलत्यानं मारला हुता. रात्री बॅटरी घिऊन गेल्ती. लई झ्याक लागतं.” दोघं-तिघं म्हणाले, आमच्या घरीही.

हे येणार होतंच. माळावरच्या मुलांना ससा कसा मारतात ते माहीत आहे. रात्री उजेडाचा झोत डोळ्यांवर पडला की तो जागीच थिजतो, मग कुत्री सोडतात नाही तर काठी. आपण पुस्तकात हे दडवलं तर मुलांना लगेच कळतं की हे पुस्तक कुठल्या तरी दुसऱ्या गावचं आहे. पीटर रॅबिटमध्ये तर पहिल्या काही पानांतच आई पोरांना सांगते की तुमच्या वडिलांचा मॅकग्रेगरबाईंनी ‘पाय’ नावाचा पदार्थ केला, म्हणजे पिठाच्या पारीत भाजून खाल्लं. शंभराहून अधिक वर्षं मुलं ते वाचतायत.

म्हणून एक पान वाढवायचं. रात्र, बॅटरीचा झोत, झोतात दोन चमकणारे डोळे. माणूस दिसणार नाही, फक्त झोत. शब्द नाहीत. पुढच्या पानावर रिकामा झोत आणि कोपऱ्यात एक कान. मुलाला उपदेश करायचा नाही. मागच्या पानावर मोठ्यांसाठी चार ओळी मात्र सरळ लिहायच्या: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सशाची शिकार करणं, त्याला पकडणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे.

वाचनालयाच्या समितीतल्या एका काकांना हे पान नको होतं. लहान पोरं दचकतील, म्हणाले. मी त्यांना वाचनाला बसवलं. मुलांनी झोताच्या पानावर श्वास रोखला आणि पुढच्या पानावर कान सापडल्यावर टाळ्या पिटल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

२९ सप्टेंबर

बाजरीची काढणी चालू आहे, आणि आज दुपारी एक चौथीतला मुलगा सशाचं पिल्लू टोपीत घालून वाचनालयात घेऊन आला. कणसं खुडताना बांधाजवळ सापडलं. मुठीएवढं, अंगभर केस, डोळे टक्क उघडे, मानेवर काळेपणाची नुसती चाहूल. अजिबात हलत नव्हतं.

पाळीव सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. बिळातल्या उबेत वाढतात. उघड्या माळावर जन्मणाऱ्याला ती चैन कुठली? हे केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतं आणि पहिल्या दिवसापासून गप पडून राहायला शिकलेलं असतं. आई दिवसभर त्याच्याजवळ बसत नाही. बसली तर तिच्या वासानं खोकड, कोल्हा थेट पिल्लापर्यंत येईल. ती अंधार पडायला लागला की येते, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. म्हणून एकटं पिल्लू दिसलं की लोकांना वाटतं, याला आई नाही. कळवळा येऊन घरी आणतात, म्हशीचं दूध पाजतात आणि ते मरतं.

मी मुलाला एवढंच विचारलं, “त्याची आई संध्याकाळी कुठं बघायला येईल?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “जिथनं उचललं तिथं.” आम्ही दोघं परत गेलो. त्याला जागा बरोबर ठाऊक होती, बांधावरच्या बोरीच्या पूर्वेला. आपल्या हातानं त्यानं पिल्लू गवतात ठेवलं. पिल्लानं कान पाठीला लावले. शेताच्या मालकांनी आपणहून सांगितलं, त्या कोपऱ्यातली बाजरी उद्या काढतो.

रात्री मैत्रिणीला फोन केला. हे पान पुस्तकात हवंच. काढणीच्या दिवसांत किती गावांत किती पिल्लं अशी टोपीतून घरी जात असतील. शब्द ठरले: ‘पिलू गप. आई दूर. सांज झाली. आई आली.’ चित्रात मात्र कडेला विळा आणि कापलेली ताटं, म्हणजे मुलाला कळेल की आपण आलो तर काय होईल.

१६ ऑक्टोबर, कोजागरी

वाचनालयाच्या अंगणात दूध. ढगांनी मध्येमध्ये त्रास दिला, पण चंद्र दिसला.

शशजातक सांगितलं. पाणमांजर, कोल्हा, माकड आणि ससा असे चार मित्र. दारी आलेल्या अतिथीला बाकीच्यांनी मासे, मांस-दही, आंबे दिले. सशाकडे देण्यासारखं गवताशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःला आगीत झोकून दिलं. आग त्याला जाळेना. अतिथी म्हणजे खुद्द शक्र, म्हणजे इंद्र होता. त्यानं डोंगर पिळला आणि त्या रसानं चंद्रावर ससा काढला, जगाच्या अंतापर्यंत सगळ्यांना दिसावा म्हणून.

मग सगळ्यांनी माना वर केल्या. सशाचे कान म्हणून जे दोन काळे डाग दिसतात ते चंद्रावरची लाव्ह्याची जुनी मैदानं आहेत, आणि सशाचं डोकं म्हणजे शांततेचा समुद्र. तिथेच १९६९ साली अपोलो ११ उतरलं. चीननं २०१३ मध्ये चंद्रावर उतरवलेल्या गाडीचं नावसुद्धा युतू, म्हणजे जेड रत्नाचा ससा. सातवीतल्या एकीनं विचारलं, “मग चीनच्या पोरांना पण ससाच दिसतो?” हो, त्यांनाही. तिथला ससा उखळात कुटत बसलेला असतो.

हे सगळं आमच्या पुस्तकात मावणार नाही आणि मावू नये. पण शेवटच्या चित्रात माळावर पूर्ण चंद्र असेल, आणि त्यातला ससा ज्याला दिसेल त्याला दिसेल.

२४ नोव्हेंबर

निवडणुकीमुळे छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आज काम घेतलं.

आतली २४ पानं आणि कव्हर. सेंटर पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. २२ पानांत मजकूर संपत होता, ती दोन पानं मोठ्यांसाठीच्या माहितीला आणि मोकळ्या गवताच्या चित्राला दिली. आत १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर. साधा मॅपलिथो कागद स्वस्त पडत होता, पण त्यावर शाई मुरते आणि सशाच्या केसांवरचे काळे टिपके एकमेकांत जातात.

पहिल्या प्रूफवर ससा विटकरी निघाला. तपकिरी रंग छपाईत पिवळा, किरमिजी आणि काळा यांच्या मिश्रणातून येतो, किरमिजी जरा चढला की लालसर झाक मारते. छापखान्यातल्या काकांनी किरमिजी थोडी उतरवली, पुन्हा प्रूफ काढलं, आणि मैत्रिणीनं खिशातून माळावरची माती काढून प्रूफाशेजारी ठेवली. काका म्हणाले, “अशी माती आणली असतीत आधी, तर मीच जुळवला असता.” तिसरं प्रूफ बरोबर.

अक्षराचंही बघावं लागलं. संगणकावर भाषा मराठी निवडली नाही तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. शाळेत मुलं पाठ्यपुस्तकातला मराठी वळणाचा ‘ल’ गिरवतात. पहिलीच्या मुलानं लांडग्याच्या पहिल्याच अक्षराला अडावं, हे कसं चालेल? सगळी पानं पुन्हा तपासली.

पैशाचं: निम्मी वर्गणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात दक्षिणेत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांनी दिली, बाकीची मुंबईकरांनी. एकानं फोनवर विचारलं, “त्यात तरवड हाय का वं?” आहे म्हटलं.

५ डिसेंबर

म्हसवडच्या रथाच्या यात्रेमुळे मुलं कमी. गठ्ठे आले. कव्हरवर ससा नाही, नुसतं गवत आहे आणि गवतातून बघणारा एक डोळा. ५०० प्रती.

आबांना पहिली प्रत दिली. त्यांनी पानं उलटली, खळगीच्या चित्रावर थांबले, बोट ठेवलं. “हे बराबर,” म्हणाले. मग लांडग्याच्या पानावर: “लांडग्याची शेपूट खाली पायजे. दबा धरताना वर न्हाई धरत.” मैत्रिणीला कळवलं. दुसऱ्या आवृत्तीत खाली येईल.

२२ डिसेंबर

तालुक्यातल्या शाळांना प्रती पोचत्या करतोय. ज्या शाळेत पुस्तक दिलं तिथल्या मुलांना तासाच्या शेवटी आपल्या रानातला ससा काढायला सांगते. पांढरा काढणारी मुलं अजून आहेत. काही जण मात्र मातीचा खडू मागतात, आणि एका मुलानं खडूऐवजी खरी मातीच चोळली.

पुस्तकाची फाइल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळी करायची ठरली. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेनं २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या आपल्या संकेतस्थळावर हीच पद्धत ठेवलीय: नाव द्या, मग वाचा, बदला, आपल्या भाषेत आणा. कोकणातल्या कुणाला लांडग्याच्या जागी बिबट्या हवा असेल तर त्यांनी तो काढावा.

पहिली मागणी सांगली जिल्ह्यातून आली. जत तालुक्यातल्या कानडी माध्यमाच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं कानडी मजकूर करून पाठवलाय. माळ तोच, ससाही तोच. लांडग्याच्या पानावर कानडी ओळी जरा लांब होतात, तेव्हा मैत्रीण तिथलं गवत बोटभर खाली घेतेय. पुढच्या रविवारी फाइल पाठवायची आहे, त्याआधी लांडग्याची शेपटीही खाली उतरवून घ्यायची.